खराब फोटो

त्याच्या काचेच्या कपाटात अ‍ॅक्शन फिगर्सची, चिमुकल्या योद्ध्यांची, पलटणच उभी होती. त्यांचे फोटो काढताना टॉर्च धरायचं काम बायकोचं.

"अगं, मागे सरक! योद्ध्याच्या ढालीत तू दिसतेयस."

"दिसू दे की. त्या मेल्यापेक्षा मी बरी दिसते."

तो करवादायचा, तो फोटो 'खराब' म्हणून बाजूला टाकायचा आणि पुन्हा काढायचा.

ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधताना लेक रडकुंडीला आली. "बाबा, या बाहुल्यांचे हजारो फोटो, आणि आईचा एकही धड नाही?"

तो खराब फोटो उघडून बसला.


आता भिंतीवर नुसती ढाल आहे, मोठी करून लावलेली. तिच्यात टॉर्च धरून बायको हसतेय, आणि योद्ध्याचा पत्ता कट झालाय.