बारक्याची खबर

तीन दिवसांत कोणी आलं नाही तर प्रेत बेवारस धरतात. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी क्राइम ब्रँचचे इन्स्पेक्टर खानविलकर साध्या कपड्यांत शवागाराच्या पायऱ्या चढले.

गेल्या आठवड्यात एका गोदामावर त्यांची माणसं आणि बोकिलांचं अमली पदार्थविरोधी पथक एकाच वेळी धाड घालायला पोचलं होतं. माल राहिला बाजूला आणि केस कुणाची यावरून दोघे साहेब गेटवरच हमरीतुमरीवर आले.

"ही खबर माझ्या बारक्याची आहे!" खानविलकर ओरडले.

"बारक्या? अहो, तो माझा माणूस!" बोकील त्यांच्या वरताण ओरडले.

बेड्या पडलेले तिघे खाली मान घालून सगळं ऐकत होते. त्यांचा निरोप बाहेर गेला आणि आठवड्याच्या आत बारक्या खाडीत सापडला. मग मात्र, खबऱ्या आपला नव्हताच, असं दोन्ही खात्यांनी लिहून दिलं.

शिपायाने रजिस्टर पुढे सरकवलं. खानविलकरांनी पेन उघडलं आणि ते थबकले. नऊ वर्षांत बारक्याचं खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

पण रकाने भरलेले होते. मयताचं नाव, तुळशीदास गणू मोरजकर. नातं, भाऊ. खाली बोकिलांची सही.

"म्हणजे नेलं त्याला?"

"नाही साहेब. ते सकाळपासून मागच्या बाकावर बसून आहेत. म्हणाले, अजून एक भाऊ यायचाय."