पाळण्यातला भुंगेरा

पाळण्याखाली पिठासारखी भुकटी सांडली होती. बाळंतपणाला आलेली लेक पोट सांभाळत फरशीवर बसली आणि दांड्यांवरून भिंग फिरवू लागली. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी ती. किडा दिसला की त्याचं नावगाव विचारल्याशिवाय सोडायची नाही.

अण्णा शेजारीच उभे होते. उभी हयात सुतारकामात गेलेली. नातवंडाची बातमी कळली त्याच आठवड्यात त्यांनी पाळणा करायला घेतला होता. आता जावई म्हणत होते, कीड लागलेला पाळणा नको, दुकानातला आणू. दोन दिवस अण्णांना जेवण गोड लागत नव्हतं.

लेकीने एका दांडीच्या भोकातून निघालेला भुंगेरा अलगद कागदावर घेतला. तिळाएवढा असेल.

"तांबूस, लांबट. अण्णा, हा सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातच राहतो. गाभ्याच्या वाटेला जात नाही."

"मग इथे कुठला येतोय? सगळा गाभाच वापरलाय मी. आज का रंधा धरलाय हातात?"

"ही एकच दांडी पांढरी आहे."

"काहीतरीच. आण तो कागद इकडे."

अण्णांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "हा तर काळा कुळकुळीत. मिशा बघ केवढ्या. तुझीच जात चुकली."

कागद कोरा होता. भुंगेरा केव्हाच त्यांच्या अंगठ्यावरून मनगटावर चढला होता.

लेकीला हसू आलं आणि अर्ध्यावरच राहिलं. तिने दांड्यांच्या सांध्यांवरून हात फिरवला. कुठे नखसुद्धा अडकत नव्हतं. बोटांना कळतं ते सगळं अचूक होतं. रंग तेवढा बोटांना कळत नाही. तिला त्यांची फार माया आली.

"केव्हापासून, अण्णा?"

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "वर्ष झालं असेल. जावयांना बोलू नकोस."

"एक दांडी बदलली की पाळणा धडधाकट आहे. त्यांना तेवढंच सांगते."

अण्णांनी कोपऱ्यातल्या उरलेल्या चार दांड्या उचलून आणल्या. "मग तू रंग सांग, मी बसवतो. आणि मूल कोणावर गेलंय तेही तूच सांग."

"ते तुमचं तुम्ही बघायचं. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय आपण."

अण्णांनी पहिली दांडी तिच्यापुढे धरली.

"ही?"

"पांढरी."

त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी पुढे केली.