पुनवेच्या आत

समोर अभिमनच्या घरापुढे टेम्पो लागलेला सुगंधाबाईंनी खिडकीतून पाहिला. गल्लीतलं आणखी एक घर रिकामं होत होतं, आणि या वेळी त्याला कारण आपणच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

धुळ्याच्या या गल्लीत एके काळी सगळे एकाच कुळाचे भाऊबंद. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची. प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू घेऊन, ते दळून रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या व्हायच्या, आणि ते रोट, उरलेल्या पिठासकट, कुळातल्याच माणसांनी पुनवेच्या आत संपवायचे. परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये, नाहीतर देवी कोपते.

ऐंशी सालानंतर एकेक भाऊबंद नदीपलीकडे देवपूरला बंगला बांधून गेला. त्यांच्या घरांत पारोळ्याचे, शिंदखेड्याचे, कुठकुठचे भाडेकरू आले. कुणी मागावर, कुणी हमालीला. कानबाईला पूल ओलांडून यायला भाऊबंदांना सवड होईना. सुगंधाबाई गहू मात्र सगळ्यांच्या नावानं घेत राहिल्या. देवीपुढे माणसं कमी कशी दाखवायची? मग एका म्हातारीला ते रोट संपता संपेनात.

समोर भाड्यानं आलेल्या अभिमनची बायको बेबाबाई स्वभावानं लाघवी. पहिल्याच श्रावणात तिनं डबाभर शिरा आणून दिला. तुमची कानबाई कुठं बसते, असं सुगंधाबाईंनी विचारलं.

"गावले बसस, अक्का," ती खाली बघत म्हणाली.

डबा रिकामा कसा परत करायचा? सुगंधाबाईंनी उरलेले रोट गुळात कुस्करले, लाडू वळले आणि डबा भरून दिला. कुणाला कळलं नाही. मग दरवर्षी तेच होत गेलं.

यंदा अभिमनला कावीळ झाली आणि मागावरचं कामही सुटलं. सुगंधाबाईंना अन्न गोड लागेना. त्याच महिन्यात न्हाणीत घसरून त्यांचा पाय मोडला, ते मात्र त्यांना रास्तच वाटलं.

आज सांगून टाकायचं, मग बेबाबाईला काय बोलायचं ते बोलो. काठी टेकत त्या समोर गेल्या. त्यांना पाहताच बेबाबाईनं हातातलं गाठोडं टाकलं आणि त्यांचे पाय धरले.

"अक्का, तुमना पाय मन्हामुये मोडना," ती रडत म्हणाली. "गावले आमले कोणी भाऊबंद म्हनत नही. आमनी कानबाई आठेच, या घरमा बसस. दर साल तुमले दिधा, तो शिरा आमना रोटना पीठना व्हता."