एका जागी

शेताची वाटणी झाली, तशी दगडाबाईचीही झाली. काही महिने भिंगारला थोरल्या आदिनाथकडं, मग काही महिने काष्टीला धाकट्या अंगदकडं. पिशवीत घालून नेलेली तिची मांजर तेवढी दोन्हीकडं सोबत असायची.

यंदा भिंगारला मांजरीनं चाटून-खाजवून पाठीवरचे केस पार घालवले. डॉक्टर म्हणाले, “कातडीचा आजार नाही. सारखं घर बदलून तिनं धसका घेतलाय. आता एका जागी राहू द्या तिला.”

दोघा भावांचं कधी नव्हे ते एकमत झालं. दगडाबाई नुसती मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.



“मुक्या जिवाचे हाल बघवत न्हाईत, दादा. मांजर ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच,” म्हणत अंगदनं मोटारसायकलला किक मारली. “आई, तू बस मागं. तुझी इथली पाळी संपली.”