विष न्हाई

बहात्तरच्या दुष्काळात, घोडनदीकाठच्या एका बालवाडीत मुक्ताबाई पोरांना जपानातली गोष्ट रंगवून सांगत होत्या. कंजूष गुरुजी मधाची बरणी दाखवून चेल्यांना बजावतात, "शिवू नका, विष आहे." त्यांची पाठ वळताच चेले बरणी चाटूनपुसून लख्ख करतात. पोरं हसून लोळली. बौद्धवाड्यातली रंभा दाराबाहेर पोत्यावर बसायची, ती सगळ्यांत जास्त हसली.

तिला पाणी नेहमी वरून ओतून मिळायचं. माठाला शिवायचं नाही, अशी बाईंची ताकीद होती. मधल्या सुट्टीत तिनं माठात पेला बुडवला, घोटभर पिऊन पाहिलं आन् खुशीत बाईंकडं धावली.

"बाई, आपल्या माठातबी विष न्हाई. गार पाणीच हाय."



कोसावरून आणलेल्या पाण्याचा तो भरला माठ बाईंनी लांबूनच काठीनं फोडला.