करंज्यांचा डबा

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करू नये, या एका नियमावर मराठी संस्कृती उभी आहे. याच नियमापायी शालन चार महिने समोरच्या दातारकाकूंना चुकवत होती. काकूंनी दिवाळीला पाठवलेल्या करंज्यांच्या तोडीचं काही जमेपर्यंत त्यांचा डबा फ्रिजवर बसून होता. जिना मोकळा दिसल्याशिवाय ती भाजीलाही जाईना.

“अगं, साखर भरून दे!” नवरा वैतागला.

“करंज्यांपुढे साखर? काकू जन्मभर ऐकवतील.”

होळीला तिने हिय्या करून डब्यात पुरणपोळ्या रचल्या आणि समोरची बेल वाजवली.

“काकू, उशीर झाला हो. तुमचा डबा...”

“माझा? तुझाच की! गणपतीत मोदक पाठवले होतेस. रिकामा कसा देणार, म्हणून दिवाळीपर्यंत मीच तुला चुकवत होते.”

शालनने डब्याचा तळ पाहिला. ‘सौ. शालन सबनीस’ कोरलं होतं. पण आत पुरणपोळ्या होत्या, म्हणून डबा काकूंकडेच राहिला.