गोल झाला तरच ढोल

तिसरा गोल खाल्ल्यावरही अभयचा संघावरचा विश्वास ढळला नव्हता. हा सरावाचा सामना आहे, तो दीपालीला समजावत होता, याच्या निकालाला काही अर्थ नसतो. नवा कोच स्पेनचा आहे. नवा स्ट्रायकर ब्राझीलचा आहे. दोघांना पुण्याचं पाणी एकदा मानवलं, की यंदा मुठा युनायटेड सेमीफायनलला गेलीच म्हणून समज. गेल्या वर्षी कोच पोर्तुगालचा होता आणि पाणी हेच होतं. दीपालीला हे आठवलं, पण तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या सांचीकडे होतं.

सांची जेमतेम आठ महिन्यांची, आणि घरातला एकमेव प्रश्न तिच्या झोपेचा. त्यांच्या बाणेरच्या फ्लॅटच्या एका अंगाला नवा टॉवर उठत होता, दुसऱ्या अंगाला रस्ता खणून ठेवला होता आणि घरात अभयचे अमेरिकेशी कॉल. पोरीचा डोळा लागतो न लागतो तोच ती दचकून उठायची आणि घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टर म्हणाले, जरा शांत जागा बघा. दीपालीने पुण्यात शांत जागा शोधली. बागेत हास्यक्लब निघाला. बुद्धविहारात मुलांच्या नाटकाची तालीम होती. सासूबाईंच्या दापोडीच्या घरामागून रेल्वे जात होती. बाळंतपणापासून दीपालीला स्वतःलाही सलग झोप नव्हती. परवा दुधाची बाटली म्हणून मोबाइलच उकळत्या पाण्यात सोडता सोडता राहिली होती.

अशात अभयला सीझनचे पास हवे होते, तेही तिघांचे. पोरीला हिरवं बघायला मिळेल, असं त्याचं म्हणणं. दीपालीने अट घातली. आधी एक सरावाचा सामना बघू. सांची एकदा जरी रडली, तरी पास नाही. मग सगळा सीझन टीव्हीवर, तोही आवाज बंद करून. अभयने मान्य केलं. माणूस आशेवर काहीही मान्य करतो.

बालेवाडीच्या स्टेडियमवर आल्या आल्या ती अट मोडण्याच्या बेतात आली होती. त्यांच्या बरोबर मागच्या ओळीत ढोलपथक बसलं होतं. गणपती नुकतेच झाले होते, आणि त्याआधी पुलाखाली चाललेल्या पथकांच्या सरावाने सांची रडून रडून निळी पडायची बाकी राहिली होती. ते ढोल दिसताच दीपालीने कानात घालायचा कापूस, थर्मामीटर आणि जादा दुपटी भरलेली पिशवी उचलली. तेवढ्यात पथकाची प्रमुख, राजनंदिनी नावाची कॉलेजातली मुलगी, पुढे वाकली.

"बसा हो ताई. आमचा नियम आहे, आपला गोल झाल्याशिवाय ढोलाला टिपरू लागत नाही." आणि मग काहीच न घडल्यासारखी म्हणाली, "गेल्या सीझनला खोळीसुद्धा काढल्या नाहीत."

दीपाली बसली, पण काठावर.

माणसं तुरळक होती. वारा सुटला होता. ओरडावं असं मैदानात काहीच घडत नव्हतं. सांचीने थोडा वेळ हिरवळ बघितली, जांभई दिली आणि मूठ सैल सोडून झोपली. गोव्याच्या संघाचा पहिला गोल झाला, ती झोपलेली. दुसरा झाला, तरी झोपलेली. गोव्याची मंडळी पाहुण्यांसारखी आपापसात मिठ्या मारून गप्प जागेवर जात होती. तिसऱ्यानंतर दीपालीने हलकेच पाठ टेकली, डोळे मिटले आणि बसल्या जागी तिलाही डुलकी लागली. तिला ते बघवत नसावं, असं वाटून अभयने तिच्या हातावर थोपटलं.

सामना संपत आला होता. शिट्टी वाजली आणि अभयने तिला हलवलं. "अगं, पेनल्टी. आपल्याला."

मागे सळसळ ऐकू आली. ढोलांच्या खोळी निघत होत्या. दीपाली ताठ बसली. तिने सांचीच्या कानांवर हात धरले आणि डोळे घट्ट मिटले. भीती वाटली की त्रिसरण म्हणायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. तिचे पुटपुटणारे ओठ बघून अभयला गहिवरून आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्या संघासाठी काही करत होती.

ब्राझीलच्या स्ट्रायकरने लांबून धाव घेतली आणि बॉल गोलपोस्टवरून थेट वरच्या रिकाम्या खुर्च्यांत घातला.

सांचीने झोपेतच ओठ चाटले.

अभय खाली बसला. तीन गोलांनी जे झालं नव्हतं, ते त्या एका पेनल्टीने केलं.

"नकोत पास," तो म्हणाला. "पोरगी रडली नाही, तुझी अट मी जिंकली, पण नकोत. यांच्याकडून काही आशाच उरली नाही."

दीपालीने वळून मागे पाहिलं. पथकातली पोरं सरावलेल्या हातांनी ढोलांवर पुन्हा खोळी चढवत होती. तिने सांचीवरचं दुपटं नीट केलं.

"तिघांचे काढ," ती म्हणाली, "आणि जागा याच. मला पूर्ण आशा आहे. वर्षभर आपला एकही गोल व्हायचा नाही."